न फवारलेलं घर

बर्वे सर कुणालाही घरात घेत नाहीत, ही बातमी मला कामशेतला राहायला आल्याच्या दुसऱ्याच सकाळी दूधवाल्याकडून मिळाली. "मॅडम, त्या कोपऱ्यावरच्या घरी जाऊ नका बरं का," पिशवी देता देता तो म्हणाला. "मानूस देवमानूस हाय. पन फाटकाच्या आत पाय ठिवू देत न्हाई." या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा बसतात ते मला कळेना, म्हणून साहजिकच त्याच संध्याकाळी मी रव्याचे लाडू घेऊन तिकडे गेले. मी शाळेत मराठी शिकवते आणि नवरा लोणावळ्याला रेल्वेत. तो घरी येईपर्यंत लोकांच्या चौकशा करायला मला भरपूर वेळ असायचा.

फाटकाच्या बाहेर जांभळाखाली दोन लोखंडी खुर्च्या होत्या. तीच सरांची बैठकीची खोली. सर आतून आले. उंच, जरासे वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. चार हातांवर थांबून त्यांनी नाक किंचित वर केलं आणि मला चक्क हुंगलं. मला वाटलं, सर्दी असेल. "घरात डासांचं मशीन लावता ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग इथंच बसू. राग मानू नका." एक लाडू त्यांनी तिथल्या तिथे खाल्ला, तूप हात राखून घातलंय असं मोकळेपणी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी डबा घासून, उन्हात वाळवून परत आणून दिला. इतका आदबशीर अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.

गल्लीनं त्यांचं नाव 'भातवाले सर' ठेवलं होतं, कारण पुढच्या खोलीच्या जाळीतून बारा महिने भाताची हिरवी रोपं दिसायची. त्यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं. शेजारच्या वत्सलामावशींचं मत होतं, "सोताचं शेत न्हाई ना, मग घरात लावत्यात. हौस आसती एकेकाला." मावशींची स्वतःची भातशेती नाणे मावळात. पहाटे उठून शेतावर जायच्या आणि येताना सरांच्या फाटकावर कधी भाकरी, कधी चार मेथीच्या काड्या अडकवून ठेवायच्या. आत जायचा प्रयत्न त्यांनी केव्हाच सोडून दिला होता. सर मात्र रोज संध्याकाळी बाहेरच्या खुर्चीवर बसून मावशींच्या शेताची खबर घ्यायचे. पाणी किती आहे, लोंबी धरली का, रोग काय म्हणतो. स्वतःच्या घरातलं काही बोलायचे नाहीत.

मला खरं काय ते कळायला वर्ष गेलं. मी चिकाटीची बाई आहे, शिवाय त्या वर्षात लाडूंतलं तूपही वाढवलं होतं. सर कुठल्याशा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घरात ते भात वाढवत होते, पण भातासाठी नव्हे. त्या रोपांवर ते तुडतुडे पाळत होते. तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी रंगाचा किडा. तो भाताच्या बुंध्याशी बसून रस ओढतो आणि उभं शेत गोल गोल चकत्यांत जाळून टाकतो. शेतकरी औषध मारतो, दोन वर्षं बरं चालतं, मग औषध मारलं तरी तो हलत नाही. सरांना हे 'हलत नाही' समजून घ्यायचं होतं.

"मॅडम, तुमच्या घरी चूल एक," ते मला समजावत होते. "त्यावर चार माणसांच्या भाकऱ्या होतात. समजा पन्नास माणसांची पंगत अचानक दारात आली, तर नवीन पदार्थ शिकायला वेळ आहे का? नाही. तुम्ही अंगणात तशाच आणखी दहा चुली मांडाल आणि त्याच भाकऱ्या थापाल. पेशी हेच करते. औषध पचवणारं जनुक तिच्याकडे मुळातच असतं. एकच. त्याच्या जादा प्रती झाल्या, की औषध येईल तितकं पचतं."

"म्हणजे किडा हुशार झाला."

"हुशार कसला. नक्कल करताना कधीतरी एखाद्याकडे चुकून दोन प्रती येतात. एरवी ते कुणाच्या लक्षातही येत नाही. फवारणी झाली की बाकीचे मरतात, हा उरतो. पुढे त्याच्या पोराबाळांत कुणाकडे चार, कुणाकडे दहा. सगळं शेत त्यांचंच."

"आणि औषध बंद केलं तर?"

या प्रश्नावर सर पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले. तोच त्यांचा प्रश्न होता. दहा चुलींना लाकूड लागतं, राख काढावी लागते. पंगत उठून गेली तर त्या हळूहळू विझतील का? माणसांनी फवारणं थांबवलं, तर या खोऱ्यातला किडा पुन्हा पहिल्यासारखा होईल का? हे शोधायचं तर पहिला कसा होता, तो जिवंत समोर हवा. म्हणून सरांनी दोन घराणी ठेवली होती. मागच्या पत्र्याच्या खोलीत 'तयार', म्हणजे औषध पिऊन पक्के झालेले. आणि पुढच्या खोलीत 'साधे', ज्यांच्याकडे ते जनुक एकच होतं. हे साधे त्यांनी तरुणपणी पवना नदीच्या वरच्या अंगाला पकडून आणले होते, तेव्हा तिकडे भातावर औषध मारायची पद्धतच नव्हती. तेव्हापासून पिढ्यामागून पिढ्या ते त्या खोलीत नांदत होते, जगात विष असतं हे न कळता.

त्यामुळे त्या घरात कॉइल नाही, मशीन नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. शेतातून आलेल्या माणसाला प्रवेश नाही, कारण कपड्यांना औषध असतं. सरांचा स्वतःचा दिनक्रमही सोवळ्याहून कडक. सकाळी आधी साधे, मग तयार. तयारांकडे एकदा पाय टाकला की त्या दिवशी पुढच्या खोलीत जायचं नाही. रात्री ते स्वयंपाकघरात चटईवर झोपायचे आणि डासांनी फोडून काढलेले हात घेऊन सकाळी बाहेर यायचे. "सर, डास पन पाळल्यात का काय?" मावशी विचारायच्या. सर म्हणायचे, "ते आपले आपण येतात."

एका पावसाळ्यात पंचायतीचं धूर सोडायचं यंत्र गल्लीत आलं. पांढऱ्या लोटात माणसं दिसेनाशी झाली, आणि त्या धुरातून सर ओल्या चादरी खांद्यावर टाकून धावत आले. दारंखिडक्या चादरींनी बंद करून ते यंत्रवाल्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. "माझं घर सोडा." तो म्हणाला, "काका, तुमच्याच भल्यासाठी हाय." सर हलले नाहीत. गल्ली पोट धरून हसली, मीही हसले. पुढे दर वर्षी यंत्रवाला त्यांच्या फाटकाशी आला की स्वतःच यंत्र बंद करायचा आणि त्यांना सलाम ठोकून पुढे जायचा.

नाशिकला सरांना एक धाकटी बहीण होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं, म्हणजे आपलं म्हणावं असं माणूस तीच. ती पूर्वी भाऊबीजेला यायची. तिचे कपडे, तिचं तेल, गाडीत मारलेला फवारा, कशाचीच खात्री नसल्यामुळे सर तिला जांभळाखाली बसवायचे आणि रात्री तळेगावला एका ओळखीच्या घरी पोचवायचे. एका वर्षी तिनं कळवलं की आता गुडघ्यांमुळे जमत नाही. हे मला सांगताना सर म्हणाले, "गुडघे चांगले आहेत तिचे."

त्यांच्याबरोबर मी कधी इंद्रायणीकडे फिरायला जायची. एकदा रस्त्याकडेच्या डबक्यात बेडकाच्या अंड्यांचा पुंजका दिसला, तर सर गुडघ्यावर हात ठेवून वाकले. म्हणाले, "हे अंडं आईच्या पोटात असतानाच एका जनुकाच्या हजारो जादा प्रती करून ठेवतं. का माहीत आहे? बेडकी अंडी घालून निघून जाते. पुढे विचारायला कुणी नाही, मागायला कुणी नाही. बाहेर पडल्यावर भराभर वाढायचं, तर सगळी शिदोरी आधीच बांधून घ्यावी लागते." मी विचारलं, "सर, तुम्ही काय बांधून आणलंय?" ते सरळ झाले, आणि म्हणाले की त्यांच्याकडे कामाची सवय आहे आणि ती पुरते. मला ते उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं. घरी येऊन मी विनाकारण नवऱ्यावर चिडले.

आणि एका दिवाळीत सरांना डेंग्यू झाला. आम्ही तेव्हा माझ्या माहेरी सोलापूरला गेलो होतो. पुढचं मला मावशींनीच सांगितलं. सर फाटकाला धरून बसलेले त्यांना दिसले. त्यांच्या मुलानं रिक्षा आणली. अंग तापानं फणफणत असताना सरांनी किल्ली मावशींच्या हातात दिली. भाताचं ज्याला कळतं अशा माणसाला द्यायला हवी, एवढं त्यांना त्या तापातही सुचलं. "रोज रोपांना पाणी. धुतलेलं लुगडं नेसून जा. दुसऱ्या कशाला हात लावू नका," एवढं बोलून ते रिक्षात आडवे झाले.

मावशी जन्मात पहिल्यांदा त्या घरात गेल्या. धुतलेलं लुगडं नेसून, हातपाय धुऊन गेल्या. तीन दिवस त्यांनी पाणी घातलं. पण रोज जुनी रोपं काढून नवी ठेवणारे सर नव्हते, तेव्हा किडा मातला आणि रोपं पिवळी पडायला लागली. मावशींनी जाळी वर करून बघितलं. बुंध्याबुंध्याला तुडतुडे. याच किड्यानं दोन वर्षांपूर्वी त्यांचं नाणे मावळातलं अर्धं शेत जाळलं होतं. सरांनी एवढ्या विश्वासानं किल्ली दिलेली, सर तिकडे दवाखान्यात, आणि इथं त्यांचं भात डोळ्यांदेखत जातंय. मावशींनी घरून पाठीवरचा पंप आणला आणि एकेक जाळी वर करून, बुंध्यात नळी घालून, शेतात मारतात त्याहून काळजीनं औषध मारलं. खोलीचे कोपरेही सोडले नाहीत.

सर घरी आले त्या दिवशी मी परतले होते. मावशी फाटकाशी उभ्याच होत्या. "सर, तुमचं भात पार चाललं व्हतं," त्या म्हणाल्या. "लय तुडतुडा पडलावता. मी औशद मारलं दोन येळा. आता बगा कसं हिरवंगार झालंय." ते भात तुडतुड्यांसाठीच होतं, हे मावशींना कुठून ठाऊक असणार. सर आत गेले. जाळ्या उघडल्याचा, मिटल्याचा आवाज येत राहिला. मग ते बाहेर आले, अशक्तपणामुळे खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बरं केलंत मावशी. मला तर हे जमलं नसतं." मावशींचा चेहरा फुलला. त्या पेज करायला घरी गेल्या. मी काहीतरी बोलणार, तोच सर म्हणाले, "त्यांना कधीही सांगायचं नाही. कधीही." मी जांभळाखाली बसून रडले. सर रडले नाहीत. त्यांनी पुढच्या खोलीची सगळी दारं-खिडक्या उघडून टाकल्या.

त्यानंतरचे महिने गल्लीला अजून आठवतात. साधे सगळे मेले होते, तयारांना कशाचं भय नव्हतं. आता सांभाळायला काही नव्हतं, म्हणून घर उघडं होतं. मावशी नातीला घेऊन थेट स्वयंपाकघरात जायला लागल्या. सर आमच्याकडे जेवायला यायचे, डासांचं मशीन चालू असलेल्या खोलीत आरामात बसायचे, माझ्या नवऱ्याशी पत्ते खेळायचे आणि उघड उघड लबाडी करायचे. नाशिकची बहीण आली आणि चांगली आठ दिवस राहिली. दोघं भावंडं सकाळी अंगणात भांडत चहा प्यायची. सरांच्या अंगावर जरा मांस चढलं. त्यांचं काम बुडालं याचं वाईट वाटत असूनही मला मनापासून आनंद झाला होता, तो मी लपवणार नाही. वाटलं, सुटला हा माणूस.

पण पुढचा पावसाळा सरत आला, भात पोटरीला आलं तसे सर अस्वस्थ झाले. एके दिवशी म्हणाले, "मॅडम, पवनेकडे येता? कुठंतरी न फवारलेलं शेत उरलं असेल." मी म्हटलं, "सर, साधे किडे दुसऱ्या प्रयोगशाळेतून मागवता येत नाहीत का?" तर म्हणाले, "येतील. पण ते या खोऱ्यातले नसतील. आपल्याला आपला हवा."

रविवारी जीपनं तिकोणा पेठेला गेलो. सर प्रत्येक बांधावर थांबून तोच प्रश्न विचारायचे आणि तेच उत्तर मिळायचं. शेवटी तिकोणा गडाच्या पायथ्याशी एक म्हातारे आबा भेटले. घरामागे त्यांचं खाण्यापुरतं छोटंसं खाचर होतं.

"इथं औषध मारता का, आबा?" सरांनी विचारलं.

"न्हाई बा. पंप उचलत न्हाई आता पाटीवर. ह्ये आपलं घरच्यापुरतं. येईल तेवडं येईल."

"तुडतुडा आहे?"

"हाय की. त्यो कुटं जातोय." आबा हसले. "तुमी काय, औशदवाले काय?"

"नाही. मला तुडतुडेच हवेत."

आबांनी सरांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "न्या की लागतील तेवडे. लय उपकार व्हतील."

सर चिखलात उतरले. तोंडात नळी धरून, एकेक किडा हळूच ओढून बाटलीत घेत राहिले. सत्तरीला आलेला माणूस, गुडघाभर चिखलात. परतीच्या वाटेवर त्यांनी बाटली मांडीवर दोन्ही हातांत धरली होती. माझ्या अंगाला सकाळी लावलेल्या मलमाचा वास होता, म्हणून मला त्यांनी पुढच्या सीटवर बसवलं. त्यातच मला पुढचं सगळं कळायला हवं होतं.

ते किडे साधे निघाले नाहीत. आबांनी फवारलं नसलं तरी आजूबाजूच्या शेतांतून उडून आलेलेच ते. औषधाला ढिम्म. पुण्याला सरांची एक जुनी विद्यार्थिनी प्रती मोजून द्यायची, तिनंही फोनवर तेच सांगितलं. जवळजवळ सगळ्यांत जादा प्रती. मी म्हटलं, "झालं ना सर, आता सोडा." ते म्हणाले, "जवळजवळ सगळ्यांत म्हणाली ती."

त्यांनी एकेक मादी वेगळ्या काचेत ठेवली. तिची पिल्लं झाली की निम्म्यांना औषध लावून बघायचं, निम्मी तशीच राखायची. ज्या काचेतली औषधानं मरतील, त्या काचेतली उरलेली ठेवायची. काचेमागून काच अशी गेली. आणि मार्चच्या सुमारास फाटक बंद झालं. जांभळाखाली खुर्च्या पुन्हा मांडलेल्या दिसल्या. मावशींनी विचारलं, "सर रुसलं का काय माज्यावर?" मी म्हटलं, नाही मावशी, काम आहे त्यांना. त्या म्हणाल्या, "भाताला काय झालं आसंल तर सांगा म्हनावं, मी येते." बहिणीनं मला फोन करून विचारलं की या भाऊबीजेला तिनं यावं की नाही. मी सरांवर रागावले होते. सव्वा वर्ष हा माणूस आमच्यातला झाला होता, आणि कुठल्याशा किड्यासाठी त्यानं पुन्हा दार लावून घेतलं होतं. आम्ही त्याला पुरलो नाही, हे मला झोंबलं होतं. अजून झोंबतं.

जूनमध्ये नवऱ्याची बदली झाली. निघायच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले, फाटकाशी उभी राहिले. सरांनी हाकेला ओ दिली, पण बाहेर आले नाहीत. पुढच्या खोलीच्या खिडकीत आले. तब्येत परत उतरली होती, हातांवर डासांचे फोड होते. "थांबा," म्हणाले आणि आत गेले. येताना हातात एक काचेचा पेला, त्यात भाताचं एक रोप, वर फडकं बांधलेलं. तो त्यांनी जाळीला लावून धरला. लांबून मला हिरव्या काडीवर एक तपकिरी ठिपका तेवढा दिसला.

"ही बघा," सर म्हणाले. "काल पुण्याहून कळलं. हिच्या घराण्यात एकच प्रत आहे."

इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, बहीण आली होती तेव्हाही नाही. मी म्हटलं, "छान आहे, सर."

"आता घराणं वाढवायचं. घाई करून चालणार नाही," त्यांनी पेला जपून खाली घेतला आणि जाळीच्या आतून माझ्याकडे बघत, अगदी समाधानानं म्हणाले, "चारपाच वर्षं इथं कुणी आलं नाही, म्हणजे झालं."